डावी बाजू

आठव्या दिवशी यंत्र सुरू झालंच नाही. टीना पाठीवर पडून होती. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन खाचांत बसवलेले, कमरेपर्यंत अंग उघडं, आणि छातीचं हाड जिथं संपतं तिथं पोटावर ठेवलेली प्लॅस्टिकची हलकी डबी. छताजवळचा कॅमेरा त्या डबीवर नजर ठेवून असे. श्वासाबरोबर डबी उचलली गेली की समोरच्या पडद्यावर एक पिवळी पट्टी वर सरकायची, हिरव्या चौकटीत शिरायची, आणि मग श्वास तिथंच धरून ठेवायचा, बावीस सेकंद. तेवढ्यात किरण आपलं काम करून घेत. सात दिवस हे बिनबोभाट झालं होतं. आजही पट्टी चौकटीत गेली, तिथंच थांबली, टीनानं मनातल्या मनात बावीस मोजले. पण यंत्राचा तो भुंग्यासारखा आवाज आला नाही. आधी फोटो निघतो, मग किरणांचा शेक, एवढं तिला आता माहीत होतं. फोटो निघाला होता. त्यानंतर नुसती शांतता. मग भिंतीतल्या स्पीकरमधून अंकुशचा, तिथल्या तंत्रज्ञाचा, आवाज आला. "सोडा ताई श्वास. परत एकदा घेऊ."

परत एकदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. "पट्टी बरोबर येऊन राहिली ताई, पण फोटो जुळून नाही राहिला. तुम्ही पोटात श्वास भरून राहिल्या. छातीत घ्या." छातीत म्हणजे कुठं, हे टीना आतून चाचपत राहिली. उजवीकडे छाती होती. डावीकडे ऑगस्टपासून एक सपाट जागा होती, बगलेपासून मध्यापर्यंत तिरपा व्रण, आणि व्रणाभोवतीची कातडी तिची असून तिची नव्हती. तिथं हात लावला तर हाताला कळे, कातडीला कळत नसे. त्या जागेत श्वास कसा न्यायचा? सात दिवस तो आपणहून गेला होता. जड दार सरकलं. अंकुश आत आला, आणि नेहमीसारखं आधी भिंतीकडे बघत तिच्या अंगावर चादर ओढून मग बोलला, "थोडं बाहेर बसता का? मॅडमला फोटो दाखवतो. आज घरी काही झालं का ताई?"

"नाही," टीना म्हणाली.

आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही. सकाळी वरठीच्या फलाटावर ती नागपूरच्या गाडीची वाट पाहत असताना दिघोरीहून मायचा फोन आला होता. माय कधी फोनवर 'कशी आहेस' विचारत नाही, थेट कामाचं बोलते. "टीने, तुले कॅन्सर झाला म्हनते. धनीराम बोलून गेला. खरं हाय का?" मागं कुणीतरी बादली आपटली. टीना म्हणाली, "गाडी आली माय, मंग बोलू." गाडीला अजून बारा मिनिटं होती. समोरच्या रुळांवरून लोखंडाच्या मातीचा लाल रंग चढलेल्या मालगाडीच्या वाघिणी जात होत्या, संपता संपत नव्हत्या, आणि टीना फोन कानाला लावून तशीच उभी होती, कारण फोनची काच गार होती आणि ते गार लागणं कळत होतं. पाच महिने धनीरामला, तिच्या भावाला, तिनं बजावून ठेवलं होतं. मायला पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. दिवाळीला गेली नाही, तेव्हा ऑफिसचं ट्रेनिंग. आता ते उघडं पडलं होतं, आणि त्याचं काही वाटायला हवं होतं. तिनं थांबून पाहिलं. काही आलं नाही. ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला तेव्हाही असंच झालं होतं: नवरा, कैलाश, तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होता आणि तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, रजेचा अर्ज कोणत्या तारखेपासून टाकू. डॉक्टरांना वाटलं, बाई धीराची आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं. केस गेले, नखं काळी पडली, जिभेची चव गेली, आणि ती प्रत्येक गोष्ट नीट पार पाडत गेली. मूल नव्हतं, त्याचं रडणं दहा वर्षांपूर्वी आटोपलं होतं. त्यानंतर कशासाठी रडल्याचं तिला आठवत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हाही नाही.

बाहेरच्या बाकावर गोदावरीबाई बसल्या होत्या. पवनी तालुक्यातल्या आसगावच्या, साठीच्या पुढच्या, नागपुरात पुतण्याकडे राहून शेक घेत होत्या. दोघींचा नंबर रोज मागं-पुढं असे. मांडीवर उघडलेल्या डब्यातले पोहे त्या एकेक घास करून खात होत्या.

"तुहं झालं?"

"नाही. परत बोलावतील."

"काहून?"

"श्वास बरोबर नाही म्हणतात."

"मले तं कोनी सांस धराले सांगतच नाही. मले तिथं झोप लागते."

"तुमची उजवी बाजू आहे न. माझी डावी. डाव्या बाजूले हृदय राहते. श्वास भरून धरला का ते छातीपासून मागं सरकते, खाली जाते. मंग त्याले किरण लागत नाहीत."

गोदावरीबाईंनी थोडा वेळ स्वतःच्या छातीकडे पाहिलं. "कोनाले कोठी होईन, याचाबी नेम नाही," त्या म्हणाल्या. मग डबा तिच्यापुढं केला. "घे. तू रडत नाहीस का वं?"

"नाही."

"मी लई रडली. गावात रडली, गाडीत रडली, पुतन्याच्या घरी संडासात बसून रडली. आता सरलं. आता भूक लागते." आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. डबा तसाच टीनाच्या हातात देऊन त्या उठल्या, पदर सावरून आत गेल्या, आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आल्या. टीनानं तेवढ्यात एक घास खाल्ला होता. पोह्यांत कढीपत्ता होता. दिसत होता म्हणून कळलं.

डॉक्टर रुचितांच्या खोलीत पडद्यावर टीनाची छाती आडवी कापून ठेवली होती. तसं दिसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दचकेल म्हणून डॉक्टर सावकाश बोलत होत्या. पण टीना वीस वर्षं भंडाऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकाशांच्या नकला देत होती. दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, वाद झाला, मोजणी पुन्हा झाली, की नवा नकाशा जुन्या नकाशावर ठेवून पाहायचा. कुठं रेघ रेघेवर बसते आणि कुठं सरकते, हे तिला लांबूनही दिसे. इथंही तेच होतं. शेक सुरू होण्याआधी तिचा स्कॅन दोनदा काढला होता, एक साध्या श्वासावर आणि एक श्वास भरून. साध्या श्वासात हृदय पुढच्या भिंतीला टेकून बसलेलं होतं, राखाडी, आळशी. भरल्या श्वासात त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये फुप्फुसाची काळी पोकळी आली होती. त्या पोकळीच्या भरवशावर सगळा आराखडा काढला होता. किरण कुठून यायचे, किती, कुठं थांबायचे. छातीवर तीन बारीक गोंदल्यासारखे ठिपके त्यासाठीच केले होते. आणि रोज शेक देण्याआधी त्या दिवसाचा फोटो त्या आराखड्यावर बसवून बघायचा, बसला तरच पुढं जायचं.

"हा तुमचा ठरवलेला फोटो," रुचिता म्हणाल्या, "आणि हा निळा आजचा." बरगड्या जागोजाग दुहेरी दिसत होत्या. "चार मिलिमीटर."

तांदळाच्या एका दाण्याइतकंही नाही, टीनाच्या मनात आलं. "एवढं चालत नाही?"

"बाहेरून सगळं बरोबर आहे बघा. डबी वर आली, पट्टी हिरव्यात आली. पण ती तुमच्या पोटानं उचलली. आत छाती वर आलीच नाही आणि हृदय पुढंच राहिलं. फोटो काढला नसता तर आम्हाला कळलंही नसतं." त्यांनी तारखांचा कागद पुढं ओढला. "आज सोडून देऊ. एक दिवस गेल्यानं बिघडत नाही, शेवटी एक वाढवू. उद्या दुपारी तीनला या, सगळ्यांचं झाल्यावर, म्हणजे घाई नाही. उद्याही जमलं नाही तर साध्या श्वासावरचा आराखडा करावा लागेल. तोही चालतो. फक्त त्यात हृदयाची ही कड सापडते, आणि ते टाळता आलं तर मला टाळायचंय."

"सापडली तर काय होते?"

"लगेच काही नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्रास होऊ शकतो."

म्हणजे ही बाई आपल्याला पंधरा वर्षांनंतरही जिवंत धरून चालली आहे. टीनानं हा विचार पाहिला. तो एखाद्या दुसऱ्याच्या नावावरच्या सात-बारासारखा होता. तिनं तो वाचला आणि बाजूला ठेवला. "तुम्हाला तर किती छान जमत होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तीस सेकंद. कुठं शिकलात म्हणून मी विचारलं होतं न?"

विचारलं होतं. आणि टीनानं उत्तर दिलं होतं, "पाण्यात." तिचे बाबा मंगरू हे दिघोरीच्या तलावावरचे ढिवर. मासेमारांच्या सोसायटीत त्यांचं नाव होतं. हिवाळ्यात शिंगाडे, उरलेल्या दिवसांत जाळी. टीना लहानपणी त्यांच्यासोबत पाण्यात असे. अकरा वर्षांची असताना जाळं तळाच्या बाभळीच्या खुंटाला अडकलं, ती ते सोडवायला खाली गेली आणि पाय वेलींत गुंतला. दोन मिनिटं ती श्वास धरून तिथं थांबली होती. वर हिरवा उजेड होता. हातपाय न झाडता ती त्या उजेडाकडे बघत राहिली, तोवर बाबा खाली आले आणि त्यांनी तिला सोडवलं. पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीच्या पंगतीत बाबा सांगायचे, "माह्या पोरीनं दोन मिनटं दम धरला. दोन मिनटं! बाप्या मानूस नाही धरत." टीना शिकली, तिला नोकरी लागली, ती भंडाऱ्याला आली, ऑफिसात कुणाला आपल्या जातीच्या धंद्याबद्दल फारसं बोलली नाही, पण ती दोन मिनिटं तिच्याजवळ होती. परीक्षेच्या हॉलमध्ये, साहेबांसमोर, वांझ म्हणून कुणी बोललं तेव्हा, ती त्या हिरव्या उजेडाखाली जाऊन थांबे. न झाडता थांबणं हेच तिचं बळ होतं. बाबा तलावाच्या पाळीवर छाती धरून कोसळले, तेव्हाही ती दिघोरीला गेली, सगळं केलं, तिसऱ्या दिवशी परत येऊन निवडणुकीच्या कामावर हजर झाली. लोकांनी वाखाणलं. त्या दुपारी नागपूरहून परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं दोन-तीनदा छातीत श्वास भरून पाहिला. डावीकडे व्रण ओढला गेला, तशी ती लगेच थांबली.

वरठीला घरासमोर पायरीवर माय बसली होती. बायजाबाई, पंच्याहत्तरीच्या जवळ आलेली, पायात मोठी झालेली धनीरामची चप्पल, मांडीवर कापडी पिशवी. सकाळी फोन ठेवल्यावर लाखांदूरची, मग भंडाऱ्याची बस धरून, तिथून ऑटोनं ती आली होती. चार वाजले होते, हिवाळ्याचं ऊन अंगणातून निघून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. टीनानं कुलूप काढलं. मायनं तिच्या डोक्याकडे पाहिलं. केस बोटभर वाढले होते.

"चहा मांडतो माय."

"मांडशीन मंग. दाखव."

"काय?"

"दाखव मले."

टीनानं दार लोटलं, ब्लाऊज काढला आणि उभी राहिली. रोज अंकुशसमोर, डॉक्टरांसमोर उघडं व्हायची सवय झाली होती; मायसमोरही ती तशीच उभी राहिली, हात थोडे बाजूला करून. माय जवळ आली. ती डोळ्यांना पदर लावेल असं टीनाला वाटलं होतं. तिनं तसं केलं नाही. व्रण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला, मग बगलेखाली हात ठेवला.

"दुखते?"

"समजत नाही तिथं."

माय हात खाली दंडाच्या आतल्या बाजूला सरकवत गेली. "इथं?" "नाही." "इथं?" "नाही." कोपराच्या चार बोटं वर आल्यावर टीनाला मायच्या बोटांचा खरखरीतपणा कळला. "इथं कळलं." मायनं मान हलवली, जणू एखाद्या बांधाची हद्द तिनं मनात नोंदवून घेतली, आणि मग खुंटीवरची शाल काढून टीनाच्या खांद्यावर टाकली.

चहा झाल्यावर टीनानं तिला सगळं सांगितलं. पंधरा शेक, आज आठवा होता, झाला नाही, श्वास राहिला नाही. सांगताना तिचा आवाज ऑफिसच्या खिडकीतून बोलल्यासारखा सरळ होता. "नवल वाटते मले," ती म्हणाली, "मी त तळ्यात दोन मिनटं दम धरला होता. आता बावीस सेकंद नाही होत."

मायनं कप खाली ठेवला. "कवा?"

"अकरा वर्षांची होती न मी. जाळं अडकलं होतं."

"तू दम नव्हता धरला."

"बाबा सांगत न."

"त्याले काय. मी होती पाळीवर. त्यानं तुले वर आनलं तवा तू निळी पडली होती. हातपाय लोंबून राहिले होते. त्यानं तुले पालथी टाकली, पाठीवर बुक्क्या मारल्या. नाकातोंडातून पानी निंगालं, गाळ निंगाला. मंग तू रडली. तुहं रडनं आयकून तो खाली बसला त उठेच ना."

"मले असं काही आठवत नाही."

"कसं आठवन? तू नव्हतीच."

स्वयंपाकघरात नळ टिपकत होता. टीनानं तो उठून बंद केला. परत येऊन बसली. "मंग ते असे काहून सांगत?"

"त्यानंच तुले धाडलं होतं न खालती. लहान हाय, बुडाशी शिरन म्हनून. आता आपल्याच हातानं पोरगी जाऊन राहिली होती, हे तो कोनाले सांगन? एक डाव कोनी इचारलं त दम धरला म्हनाला. मंग तेच सांगत गेला. सांगता सांगता त्यालेबी खरंच वाटू लागलं."

"तू कधी बोलली नाहीस."

"सांगे तवा त्याच्या तोंडावर उजेड येई. मी कायले मोडू?" मायनं टीनाच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली. "रातच्याले मातर झोपेतून उठून तुह्या नाकापाशी हात धरे. वर्सभर. तूबी त्याच्याच वळनाची. मले पित्ताचे खडे सांगतले."

 टीना मनात तो हिरवा उजेड शोधत होती. तो अजून होता; वरून झिरपणारा, वेलींमधून हलणारा. पण तो कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेला होता? ती जर नव्हतीच, तर कुणी पाहिला? बाबांनी सांगितला असेल, आणि तिनं तो आपला म्हणून उचलला असेल. तीस वर्षं ती ज्या जागी जाऊन थांबत होती, तिथं कुणी थांबलेलंच नव्हतं. तिथं एक पोर नाकातोंडात पाणी जाऊन मरत होतं. तिनं हात झाडले असतील. नक्कीच झाडले असतील. ओरडायला तोंड उघडलं असेल म्हणूनच पाणी आत गेलं. सहाच्या सुमारास कैलाश कारखान्यातून आला, सासूला पाहून दारातच थबकला, वाकून पाया पडला, आणि "आज झालं का?" असं टीनाला विचारून, उत्तराआधीच हातपाय धुवायला मागं गेला. गेले पाच महिने तो असंच विचारत होता. ऑपरेशननंतर धक्का लागू नये म्हणून त्यानं खाट खिडकीशी हलवली होती, ती अजून तिथंच होती. "नाही झालं," टीना म्हणाली. नळाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी माय सोबत आली. बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसली; गोदावरीबाई सकाळीच येऊन गेल्या होत्या, बाक रिकामा होता. टीना आत गेली, आडवी झाली, हात वर नेले. अंकुशनं ठिपक्यांवर उजेडाच्या रेघा जुळवल्या, डबी ठेवली, डोळ्यांसमोर पडदा आणला. दार सरकलं. मग ती एकटी राहिली, आणि तेव्हा ते सुरू झालं. तळव्यांपासून. आधी तिला वाटलं थंडी आहे. ही खोली नेहमीच गार असे. मग हृदय धडधडू लागलं. त्या डाव्या बाजूला, जिथं वरून काही कळत नव्हतं, तिथं आतून ते ठोके कळत होते. हृदय भिंतीला टेकून होतं आणि भिंतीवर मारत होतं. आपण मरू शकतो. हे तिला ऑगस्टपासून माहीत होतं, कागदावर, टक्क्यांत. आज पहिल्यांदा ते तिच्या अंगाला कळलं. पिवळी पट्टी वेडीवाकडी उड्या मारत होती.

"ताई?" स्पीकरमधून अंकुश म्हणाला. "ठीक आहे न?"

"भाऊ, मले भेव लागून राहिलं." ऑफिसची भाषा तिच्या तोंडून गळून गेली होती.

पलीकडे खुर्ची सरकली. "थांबवू का?"

"नाही. फक्त सांगतलं."

"बरं. मी इथंच आहो. मॅडमही आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा."

ती पडून राहिली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे गेलं, हात वर बांधल्यासारखे असल्यामुळे पुसता आलं नाही. ते कानात शिरलं, कोमट. काल पोटानं डबी का उचलली होती, हे तिला आता कळत होतं. छाती भरली की व्रण ओढला जाई, आणि त्या बधिर कातडीच्या अगदी कडेला, जिथं ती संपून जिवंत कातडी सुरू होते, तिथं दुखे. सात दिवस ते दुखणं तिनं सोसलं होतं की तिच्या लक्षातच आलं नव्हतं, कोण जाणे. "घ्या," ती म्हणाली. श्वास आत आला. व्रणापाशी अडला. तिनं तो तिथं थांबू दिला नाही, दुखलं तरी आणखी आत घेतला, खांद्यांच्या खाली, बरगड्यांच्या मध्ये. फोटो निघाला. "दोन मिलिमीटर राहिले ताई. सोडा. अजून एकदा." अजून एकदा ती भरली. या वेळी खूप दुखलं. पट्टी हिरव्यात हलत होती, सरळ नव्हती, थरथरत होती, पण हिरव्यात होती. "जुळला," अंकुश म्हणाला, अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर सुटेल. मग भुंग्यासारखा आवाज आला. तिनं आकडे मोजले नाहीत. तिला फक्त श्वास सोडायचा होता, सारं अंग तेवढंच मागत होतं, तोंड उघडायचं होतं, आणि ती धरून होती. "सोडा." ती सुटली, धापा टाकल्या, खोकली. "पुढचा कोन. सांगा तेव्हा." असं चार वेळा झालं.

बाहेर आली तेव्हा मायनं तिचा चेहरा पाहिला. पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, अर्धी तिच्या ओंजळीत ओतली. गाडीत दोघींना जागा मिळाली. माय खिडकीला डोकं टेकून झोपली. टीना शेंगदाणे खात गेली, ते खारट होते, आणि खारट आहेत हे कळत होतं. भीती गेली नव्हती. ती पोटात तशीच बसून होती, नागपूरच्या पुढं, नदीच्या पुलावर, कापलेल्या धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून. आता ती रोज असणार, आणखी सात शेक, त्यानंतर दर तीन महिन्यांचे स्कॅन, प्रत्येक स्कॅनआधीची रात्र. टीनानं हे सगळं पुढं पसरलेलं पाहिलं.

वरठीच्या फलाटावर कैलाश उभा होता, कारखान्याच्या निळ्या शर्टवर स्वेटर घातलेला. तो कधी स्टेशनवर येत नसे. मायच्या हातातली पिशवी त्यानं घेतली, मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवली, आणि तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी बघत विचारलं, "झालं का?"

"झालं," टीना म्हणाली. मग ती थांबली. माय दोन पावलं पुढं गेली होती. "मले लई भेव लागलं आज. अजूनही लागून राहिलं."

किल्ली फिरायची थांबली. गाडी सुटली, डबे एकामागून एक त्याच्या पाठीमागून सरकत गेले.

"मलेही," तो म्हणाला. "तुह्याकडे पाह्यलं का मले लागते. म्हणून मी पाहत नव्हतो."

तो आता पाहत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, दाढीत पांढरे केस झाले होते. हे कधी झालं ते टीनाला माहीत नव्हतं. तिनं त्याचा दंड धरला. जिन्याकडे निघालेली माय वळली, दोघांना उभं पाहून परत आली, आणि बाकावर बसून म्हणाली, "बसा मंग. मले काही घाई नाही." ते तिच्या दोन बाजूंना बसले. बाकाचं लोखंड गार होतं. समोर कारखान्याच्या धुरांड्यांवरचे दिवे लागत होते, सायकलींवरून माणसं फाटकाकडे चालली होती. कैलाशनं स्वेटर काढून टीनाला दिला, आणि ती तो अंगात घालू लागली, आधी उजवा हात, मग सावकाश, दुखत, डावा.